नृत्यस्पर्धा, शाळा आणि पालकांचा खर्च

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या, की उमरेड तालुक्यातील खेड्यांत दोन कामांची लगबग एकाच वेळी सुरू होते. शिवारात कापसाची वेचणी व मिरचीचा तोडा, आणि शाळेच्या आवारात नाचाची तालीम. केंद्र, तालुका व जिल्हा अशा पायऱ्यांनी होणारी क्रीडा व सांस्कृतिक संमेलने, शाळेचे स्वतःचे स्नेहसंमेलन आणि गावोगावच्या मंडळांनी भरविलेल्या खुल्या 'एकल व समूह नृत्य' स्पर्धा, ह्या सर्वांचा हंगाम साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारी हाच असतो. मजुरीचा हंगामही हाच. हे दोन हंगाम जेथे एकमेकांत शिरतात, तेथे मजूर कुटुंबात एक पेच उभा राहतो. मुलीला नाचाच्या गटात घेतले आहे; तिच्या पोशाखाचे पैसे उद्या द्यावयाचे आहेत; आणि स्पर्धेच्या दिवशी तिच्याबरोबर जावयाचे, तर आईची मजुरी पडते. शिक्षकाच्या दृष्टीस ह्यातले बहुधा काहीच येत नाही. त्याला दिसते ते एवढेच, की कालपर्यंत हौसेने नाचणारी मुलगी आज तालमीला आलेली नाही, आणि विचारले असता "ताप आला होता" असे सांगते.

ह्या पेचाचा विचार शिक्षकांनी करावा, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे. नृत्यस्पर्धा बंद कराव्यात असे म्हणणारा एक पक्ष शिक्षकवर्गात आहे, आणि शाळेचे नाव व्हावयाचे तर चषक आणलाच पाहिजे असे मानणारा दुसरा. दोन्ही पक्ष मुलाच्या घरचा हिशेब मांडीत नाहीत, एवढ्यापुरते ते सारखेच आहेत.

नाच ही गोष्ट ह्या भागाला नवी नव्हे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भातील मुली घरोघर भुलाबाई मांडीत, टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणत आणि शेवटी झाकून ठेवलेली खिरापत ओळखण्याचा खेळ करीत. पूर्वेकडील झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते आणि तेथे दंडार होते; ढोलकीच्या ठेक्यावर गावचेच शेतकरी व मजूर नाचतात, सोंगे आणतात. गोंड समाजात रेला आहे, गोंड व कोलाम वस्त्यांत ढेमसा आहे. ह्या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. येथे नाचणारा निवडला जात नाही आणि गाळलाही जात नाही. फेर धरावयाचा तर हात मोकळा हवा, एवढीच अट. खर्च म्हणाल तर वाटीभर फुटाणे, गूळ आणि एखादे नवे लुगडे. आजही ज्या गावांत भुलाबाई मांडली जाते, तेथे पाटलाची मुलगी आणि सालदाराची मुलगी एकाच ओळीत बसून टिपरी वाजविताना दिसतात.

स्पर्धेचा नाच निराळा. त्याची मुळे गणेशोत्सवातील मेळ्यांपर्यंत मागे नेता येतील. पण त्याला आजचे रूप दूरचित्रवाणीने दिले. १९९६ साली 'बूगी वूगी' हा कार्यक्रम सुरू झाला, २००९ साली 'डान्स इंडिया डान्स' आला, पुढे लहान मुलांचे स्वतंत्र कार्यक्रम निघाले. आणि परीक्षक, गुण, बाद होणे, रडणे व पुन्हा येणे हा सारा प्रकार घराघरांत ओळखीचा झाला. त्यापाठोपाठ नृत्याचे शिकवणीवर्ग तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचले. आज खेड्यातील लहानशा मंडपातही मुले ज्या पद्धतीने हात जोडून परीक्षकांसमोर निकालाची वाट पाहत उभी राहतात, ती पद्धत त्यांना कोणा शिक्षकाने शिकविलेली नाही.

नाचाचे मोल

खर्चाचा विचार करण्यापूर्वी मोलाचा विचार करणे न्यायाचे होईल. नाच हा व्यायाम आहे. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे तरी दमछाक होईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. ज्या शाळेला पुरेसे मैदान नाही, जेथे मुली कबड्डीला उतरावयास संकोचतात, तेथे हा साठ मिनिटांचा वाटा नाचाने सहज भरून निघतो.

परंतु केवळ व्यायाम म्हणून नाचाकडे पाहणे हे त्याचे अर्धेच मोल ओळखणे होय. आठ मात्रांचा ठेका पायात बसला, की चार-चारचे गट, दोन-दोनच्या जोड्या आणि शेवटच्या मात्रेवर गिरकी हे गणित मूल न लिहिता करते. वर्तुळाचे दोन अर्धे करणे, एका रांगेच्या दोन रांगा करणे, मध्यभागापासून सारख्या अंतरावर उभे राहणे, ह्या गोष्टी फळ्यावर शिकविताना जी मुले मागे पडतात, ती मैदानावर त्या बिनचूक करून दाखवितात असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. गटनृत्यात एकाचे चुकले की साऱ्यांचे बिघडते. म्हणून मुले एकमेकांची चूक सांभाळून घेण्यास शिकतात. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी चारशे माणसांसमोर ताठ मानेने उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी वाचनाच्या तासाला तिचा आवाज थोडा मोठा झालेला असतो.

पालकांच्या बाजूनेही एक लाभ आहे आणि तो शाळेने हलका लेखू नये. पालकसभेची सूचना चार वेळा धाडूनही जे वडील येत नाहीत, ते मुलीचा नाच पाहावयास हमखास येतात. आजी येते, आत्या येते. शाळेविषयी त्या घरात त्या रात्री जे बोलणे होते, ते एरवी वर्षभर होत नाही.

हे सारे मोल मात्र नाचाचे आहे, चषकाचे नव्हे. स्पर्धेमुळे त्यात भर पडते ती एवढीच, की तालीम नेटाने होते, परक्या गावी परक्या माणसांपुढे उभे राहण्याची संधी मिळते, आणि दुसऱ्यांचे चांगले पाहावयास मिळते. हीदेखील लहान गोष्ट नाही. प्रश्न एवढाच, की तीसाठी कोणत्या घराने किती मोजावयाचे.

हिशेब

खर्चाचा आकडा गावोगाव बदलतो. म्हणून येथे एक मांडणी केवळ उदाहरणादाखल दिली आहे. शिक्षकांनी आपल्या गावचे दर घालून ती पुन्हा करावी. समजा, दहा मुलींचा एक गट तालुक्याच्या खुल्या स्पर्धेस निघाला. ड्रेपरीवाल्याकडील भाड्याचा पोशाख एकीला २०० रुपये. रंगभूषा, केसांतली फुले, बांगड्या ह्यांचे ५०. नाच बसविण्यासाठी बाहेरून आणलेल्या 'डान्स सरां'ना ३,००० रुपये दिले, म्हणजे एकीच्या वाट्याला ३००. गाडीचे भाडे २,००० रुपये, म्हणजे एकीचे २००. गटाचे प्रवेशशुल्क ५००, म्हणजे एकीचे ५०. चहा-नाश्ता ५०. एकूण ८५० रुपये. त्यात बरोबर येणाऱ्या आईची एका दिवसाची पडलेली मजुरी ३०० धरली, तर १,१५० रुपये झाले.

आता हा आकडा रुपयांत न ठेवता दिवसांत मोजावा. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने वरील खर्च म्हणजे जवळजवळ चार दिवसांची मजुरी. त्या घरातील दोन बहिणी दोन गटांत असतील, तर खर्च दुप्पट नसला तरी सात दिवसांच्या मजुरीएवढा होतो. गट पहिला आला आणि पुढच्या स्पर्धेस निघाला, तर पुन्हा पोशाख, पुन्हा गाडी. जिंकल्यामुळे खर्च वाढतो, ही गोष्ट मजूर आईला पहिल्या बक्षिसाच्या टाळ्या वाजत असतानाच कळलेली असते.

उमरेडसारख्या भागात हा फरक विशेष जाणवतो. एकाच वर्गात कोळसा खाणीत पगारी नोकरी करणाऱ्याचे मूल बसते, आणि त्याच बाकावर मिरचीचे देठ खुडून किंवा कापूस वेचून घर चालविणाऱ्या आईचे मूल बसते. पहिल्या घरात ८५० रुपये ही हौस आहे. दुसऱ्या घरात तो किराणा आहे. शिक्षक दोघांनाही एकच चिठ्ठी देतो.

बक्षिसाचाही हिशेब ह्याच मांडणीत करून पाहावा. समजा, अशा स्पर्धेत वीस गट उतरले आणि पहिले बक्षीस ५,०००, दुसरे ३,००० व तिसरे २,००० रुपये ठेवले. बक्षिसांची बेरीज १०,००० रुपये. वीस गटांचे प्रवेशशुल्क ५०० प्रमाणे १०,००० रुपये. म्हणजे ह्या उदाहरणात बक्षिसाचा पैसा मुलांच्याच घरून आलेला असतो. मंडळाने तो केवळ ह्या हातातून त्या हातात दिला. वीस गटांतील दोनशे घरांनी मिळून केलेला खर्च, मजुरी न धरताही, १,७०,००० रुपये होतो. पहिल्या आलेल्या गटातील मुलीच्या वाट्याला बक्षिसाचे ५०० रुपये येतात. तिचा खर्च ८५० झालेला असतो. पाचव्या वर्गातील मुलांकडून हे उदाहरण सोडवून घेण्यास हरकत नाही. त्यांना ते शेकडेवारीच्या कित्येक रुक्ष उदाहरणांपेक्षा लवकर समजेल, आणि त्यातील काही जण घरी जाऊन ते सांगतीलही.

पैशांखेरीज वेळ हाही खर्च आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास ठरले आहेत. तीन आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज दुपारचे दोन तास तालमीत गेले, तर ३६ तास होतात. प्राथमिक वर्गात सरासरी दिवसाला चार तास धरले, तर हे शाळेचे नऊ दिवस झाले. आणि हे नऊ दिवस केवळ नाचणाऱ्या दहा मुलींचे जात नाहीत. शिक्षक तालमीत असतो, तेव्हा उरलेली तीस मुले पाढे लिहीत बसलेली असतात. द्विशिक्षकी शाळेत तर दोन वर्गांची हीच गत होते. तालीम शाळा सुटल्यावर, परंतु अंधार पडण्यापूर्वी उरकेल अशा बेताने घ्यावी, आणि ते जमत नसेल तर नाच सोपा करावा. नाच सोपा केल्याने कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही.

पोशाख, गाणे आणि वय

पोशाखाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण खर्चाचा मोठा भाग तेथेच जातो आणि मुलांना त्रासही तेथेच होतो. भाड्याचा पोशाख बहुधा मापाचा नसतो. टाचण्यांनी आवळलेला असतो. त्याची टिकली अंगाला टोचते. एका अंगावरून तो दुसऱ्या अंगावर जातो. आठ वर्षांच्या मुलीला प्रौढ नर्तकीचा वेश चढवून, ओठ रंगवून, तिला अर्थ न कळणाऱ्या गाण्यावर नाचविले जाते, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या काही माणसांच्या शिट्या कोणत्या कारणाने येतात ते शिक्षकाला कळते. मुलीला कळत नाही. ही गोष्ट केवळ ग्रामीण मंडपापुरती नाही. नृत्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत लहान मुलांना वयाला न शोभणाऱ्या हावभावांत दाखवू नये, असा सल्ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने १८ जून २०१९ रोजी सर्व खासगी वाहिन्यांना दिला. जे वाहिन्यांना सांगावे लागले, ते शाळेच्या मंचाला सांगावे लागू नये.

परदेशातही हा प्रश्न निघालेला आहे. आयर्लंडच्या पारंपरिक नृत्याच्या जागतिक स्पर्धा १९७० साली डब्लिन येथे सुरू झाल्या. मूळचा तो गावकुसातला साधा नाच. पण स्पर्धा वाढत गेल्या तसे पोशाख भरजरी झाले, मुलींच्या डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप आले, आणि एकेका पोशाखाची किंमत सामान्य कुटुंबाला जड जाऊ लागली. शेवटी तेथील नृत्यमंडळाला लहान वयोगटातील मुलांच्या रंगभूषेवर बंदी घालावी लागली. नाच तोच राहिला, मुलेही तीच राहिली. वाढले होते ते त्यावरचे ओझे. आपल्या शाळांनी हे ओझे वाढण्याची वाट पाहू नये.

उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २६ जानेवारी २०१४ रोजी सांगली येथे सात हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी एकाच वेळी लेझीम सादर केले. लेझीम शाळेत वर्षानुवर्षे टिकते, एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जाते, आणि तिला स्वतःचाच ताल असल्यामुळे ध्वनिक्षेपकाची वाट पाहावी लागत नाही. नाच खरोखर आला की नाही ह्याची एक साधी कसोटी आहे. वीज गेली आणि गाणे बंद पडले, तरी ज्या मुलांचा ठेका सुटत नाही, त्यांना नाच आला असे समजावे. बाकीच्यांना गाणे पाठ झाले आहे, इतकेच.

निवड कशावरून होते

शाळेत साठ मुले, नाचात बारा. ह्या बारांची निवड कशी होते, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःशी तपासून पाहावे. तोंडाने "ज्याला नाच येतो त्याला घेतो" असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ज्यांचे पालक पैसे वेळेवर देतील, ज्यांच्या घरून गाडीची सोय होईल, ज्यांचा रंग मंचावर उठून दिसेल, अशी मुले आधी डोळ्यांसमोर येतात. हे जाणूनबुजून होते असे नव्हे. वेळ थोडा असतो, चिंता पुष्कळ असतात, आणि मनुष्य सोपी वाट धरतो. पण उरलेल्या अठ्ठेचाळीस मुलांना ही वाट स्पष्ट दिसते. त्यांतील कोणाच्या बापाकडे पैसे नाहीत, हे त्या मुलांना आधीपासून ठाऊक असते. आता ते साऱ्या वर्गाला ठाऊक होते.

म्हणून पैशाची गोष्ट निवडीच्या आधी बोलावी, नंतर नव्हे. मुलीचे नाव जाहीर झाले, तिने ते घरी उड्या मारीत सांगितले, आणि मग चिठ्ठी गेली, तर आईबापांना नाही म्हणण्याची सोय उरत नाही. ते उसने काढतात, किंवा मुलीला चार दिवस घरी ठेवतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत, तालीम सुरू होण्यापूर्वी, एकूण खर्च किती आणि तो कोठून येणार हे ठरवून घ्यावे. पालकांकडून काही घ्यावयाचेच नाही असे ठरले तर उत्तम; वर्गणी घ्यावयाची तर ती ऐच्छिक असावी, व कोणी दिली आणि कोणी दिली नाही ह्याची यादी वर्गात वाचली जाऊ नये. शिक्षणहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे, प्राथमिक शिक्षण पुरे करण्याच्या आड येईल असे कोणतेही शुल्क वा खर्च बालकावर लादता येत नाही. नाचाचा पोशाख ह्या कलमात थेट बसतो की नाही, हा वकिलांचा प्रश्न आहे. पोशाखाच्या पैशांपायी मूल आठवडाभर शाळा चुकविते, तेव्हा शिक्षकाने वकिलाला विचारीत बसण्याचे कारण नाही.

खर्च कमी करण्याचे मार्ग खेड्यातील शिक्षकाला शिकविण्याची गरज नाही. त्याचे सारे जीवनच त्या अभ्यासात गेलेले असते. तरी दोन-तीन गोष्टी नमूद कराव्यात. घरचे नऊवारी किंवा साधे लुगडे, धोतर, उपरणे, गणवेशावर एकाच रंगाचा शेला एवढ्यावर देखणा नाच उभा राहतो. दंडारीचा वा भुलाबाईच्या गाण्याचा जाणता माणूस गावातच असतो. बाहेरून 'डान्स सर' आणण्यापेक्षा त्या आजोबांना वा आजीला शाळेत बोलवावे. त्यांना मानाची शाल व नारळ द्यावा. मुलांच्या भाषेच्या तासाला ती गाणी लिहून घेता येतील, आणि त्यांतले कित्येक शब्द मुलांनी प्रथमच ऐकलेले असतील. प्रवासाला शक्य तेथे राज्य परिवहनची बस बरी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तीत निम्मे भाडे पडते, बारा वर्षांखालील मुलांनाही अर्धेच; आणि मालवाहू गाडीत मुले कोंबण्याचा धोका टळतो.

स्नेहसंमेलनात प्रत्येक मूल एकदा तरी मंचावर आले पाहिजे, असा नियम ज्या शाळा पाळतात, तेथे कार्यक्रम लांबतो आणि नाच सफाईदार होत नाहीत, ही तक्रार खरी आहे. गावकऱ्यांनी ती कधी केल्याचे मात्र दिसत नाही. लांबलेला कार्यक्रम ते शेवटपर्यंत बसून पाहतात, कारण त्यांचे मूल अजून यावयाचे असते.

विशेष गुणी मूल

ह्या सर्वांहून निराळा प्रश्न आहे तो ज्या एखाद्या मुलामुलीला खरोखरच नृत्याची देणगी आहे, त्याचा. असे मूल चार-सहा वर्षांत एखादे निघते. त्याला 'सर्वांबरोबर फेर धर' एवढे सांगून भागत नाही. येथे पालकांचा खर्च व्यर्थ नसतो. परंतु तो योग्य वाटेवर व्हावा, हे सांगणारा माणूस गावात बहुधा शिक्षकच असतो.

पालकांची समजूत अशी असते, की जितक्या अधिक स्पर्धा तितकी प्रगती. ही समजूत दूर केली पाहिजे. एकच नाच दहा मंडपांत केल्याने मूल त्या एकाच नाचात तरबेज होते. शिक्षण म्हणजे क्रमाने शिकणे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले. त्या परंपरेतून १९३१ साली निघालेले अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आज गायन-वादनाबरोबर कथक, भरतनाट्यम आदी नृत्यांच्याही परीक्षा घेते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा तिच्या पायऱ्या आहेत. २०१७ सालच्या शासन निर्णयानुसार मान्यताप्राप्त संस्थांच्या अशा तीन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास शालान्त परीक्षेत १० आणि पाच परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास १५ वाढीव गुण देण्याची तरतूद झाली. मंडळाच्या मंडपात मिळालेल्या चषकाचा ह्या गुणांशी काही संबंध नाही, ही गोष्ट पालकांना स्पष्ट सांगावी. अर्थात केवळ गुणांसाठी नाच शिकविणे ही दुसरी चढाओढ आहे, आणि तिचाही खर्च आहे. उमरेडहून नागपूरला आठवड्यातून दोनदा शिकवणीस जाणे हे बहुतेक कुटुंबांना झेपणारे नव्हे.

नागपूरलाच १९८६ साली स्थापन झालेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. तेथील लोकनृत्य महोत्सवांत निरनिराळ्या राज्यांतील पथके येतात. वर्षाच्या सहलीचा बेत ठरविताना शिक्षकांनी त्याच्या तारखा पाहून ठेवाव्यात. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील ढेमसा एवढ्या मानाने सादर होतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले म्हणजे आपल्या गावच्या दंडारीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी पालटते.

मोठ्या शहरात दूरचित्रवाणीच्या निवडचाचण्या होतात आणि गावातील एखादे कुटुंब दागिना गहाण ठेवूनही तेथे जावयास निघते. अशा वेळी शिक्षकाने दोन गोष्टी सांगाव्यात. ज्या निवडीसाठी मुलाचा नाच पाहण्याआधी पैसे मागितले जातात, त्या निवडीवर विश्वास ठेवू नये. आणि मूल खरोखर अशा कामात घेतले गेलेच, तर त्याला कायद्याचे संरक्षण आहे. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे व २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलावंताच्या कामास जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही, सलग तीन तासांहून अधिक विश्रांतीविना राबविता येत नाही. त्याच्या मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. आणि त्याची शाळा बुडता कामा नये.

गरीब घरातील गुणी मुलासाठी सर्वांत उपयोगी योजना मात्र फारशी कोणाला माहीत नसते. १९७९ साली स्थापन झालेले सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, नवी दिल्ली, हे १९८२ पासून दहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी सांस्कृतिक गुणशोध शिष्यवृत्ती देते. तीत वर्षाला ३,६०० रुपये, आणि गुरूकडील शिकवणीचे प्रत्यक्ष शुल्क वर्षाला ९,००० रुपयांच्या मर्यादेत, अशी तरतूद ठरली. शास्त्रीय नृत्याबरोबर लोककलाही तीत येतात. परंपरेने कला सादर करणाऱ्या कुटुंबांतील आणि अनुसूचित जमातींतील मुलांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. गोंधळी, दंडारकरी, शाहीर ह्यांच्या घरची मुले ज्या शाळेत आहेत, तेथील शिक्षकांनी तिसऱ्या-चौथ्या वर्गातच अशा मुलांची नावे टिपून ठेवावीत. अर्जासोबत जन्मतारखेचा पुरावा, शाळेचा दाखला आणि शिकविणाऱ्या गुरूचे प्रमाणपत्र जोडावे लागणार, हे धरून चालावे. मूल चौदा वर्षांचे होऊन गेल्यावर ही वाट बंद होते, आणि कागद जमविण्यातच खेड्यात बहुधा एक वर्ष जाते.